द्वारकामावशी बोटीत बसली का?

'वाहून आलेले' या मालिकेच्या शेवटच्या भागात सुटकेच्या बोटीत बारा माणसं चढली. बेटावर तेरा होती.

हे मी मोजलं नव्हतं. मी मोबाईलवर दुसरंच काहीतरी बघत होते आणि शेवटचं गाणं लागल्यावर मान वर केली, इतकंच. मोजलं ते कौशल्याताईंनी. गाणं संपायच्या आत त्यांचा फोन आला.

"वैष्णवी, बारा चढली."

"कोण बारा?"

"बोटीत. एक कमी आहे. तू बघत नव्हतीस का?"

"बघत होते ना ताई. संपली एकदाची."

"संपली कशी? एक बाई वर डोंगरावर बसलीये, आणि संपली?"

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, राग आहे, उद्यापर्यंत निवेल. तो निवला नाही. आता हे लिहिताना मलाही तो आलेला आहे, आणि मी तो लपवणार नाही.

कौशल्याताई कोण ते आधी सांगते. वाघोलीच्या पुढे, नगर रस्त्यापासून आत आमचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथल्या वर्कशॉपच्या टूलरूममध्ये, जाळीत कापलेल्या हातभर खिडकीमागे, कौशल्याताई सव्वीस वर्षं बसतात. त्या काळात पाच प्राचार्य झाले आणि अभ्यासक्रम तर किती वेळा बदलला ते विद्यापीठालाही आठवत नसेल. खिडकी तीच आणि नियमही तोच.

नियम असा. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला पितळेची पाच टोकन मिळतात, त्यांवर त्याचा रोल नंबर ठोकलेला असतो. कानस हवी असेल तर खिडकीत टोकन द्यायचं. ताई भिंतीवरच्या फळ्यावरून कानस काढतात आणि त्याच खिळ्याला तुमचं टोकन अडकवतात. कानस परत आली की टोकन परत. तास संपला की ताई खुर्ची फिरवून फळ्याकडे बघतात. एक जरी टोकन लटकत असेल तर वर्कशॉपचं दार उघडत नाही. त्या एका मुलासाठी नाही, कुणासाठीच नाही. सगळी बॅच थांबते.

आमची बॅच एकदा सहा मिलिमीटरच्या एका ड्रिल बिटसाठी पाऊण तास थांबली होती. बाहेर बस हॉर्न मारत होती. आमच्यातला एक जण वैतागून म्हणाला, "ताई, मी उद्या नवा आणून देतो ना!"

ताई म्हणाल्या, "नवा माझ्याकडे डझनभर आहे. गेलाय तो कुठं गेला ते सांग."

शेवटी तो लेथखालच्या लोखंडी किसात सापडला. आम्ही त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते छापण्यासारखं नाही. पण पुढे मी खराडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला लागले, आणि लोक उत्तर न शोधता तक्रार 'बंद' करून टाकतात हे रोज बघायला लागले, तेव्हा मला ती खिडकी फार आठवली. मग मी अधूनमधून ताईंच्या घरी जायला लागले. माझी खोली त्यांच्यापासून दहा मिनिटांवर आहे.

तर ही मालिका लिहिणारा अर्णव खांबेटे याच खिडकीसमोर उभा राहिलेला मुलगा. कसबा पेठेतला, माझ्यापेक्षा सात वर्षं पुढे. मेकॅनिकलची पदवी घेतली, वर्षभर नोकरी केली आणि मग लिहायला मुंबईला गेला. त्याची मालिका सुरू झाली तेव्हा कॉलेजने फाटकावर त्याचा फोटो लावला होता. ताई एरवी मालिका बघत नाहीत. त्यांच्या मते त्यात बायका स्वयंपाक न करता नुसत्या स्वयंपाकघरात उभ्या असतात. पण ही बघायला बसल्या, कारण "आपल्या वर्कशॉपचा पोरगा आहे." त्यांच्याबरोबर त्यांच्या सासूबाई बसायला लागल्या. सरुबाई. वय ब्याऐंशी, दृष्टी चांगली, जीभ त्याहून चांगली.

मालिका सुरुवातीला छान होती, हे मान्य करते. छान नसती तर एवढा राग कशाला आला असता? मालवणहून निघालेली पर्यटकांची लाँच वादळात फुटते आणि तेरा माणसं एका बेटावर जाऊन पडतात. डॉक्टर आहे, शाळेतली दोन मुलं आहेत, नवं लग्न झालेलं जोडपं आहे, एक संशयास्पद माणूस आहे जो झोपेत आकडे बडबडतो. आणि द्वारकामावशी आहे, आंधळी म्हातारी. ती डोंगराच्या टोकावर बसायची आणि वाऱ्याचा वास घेऊन सांगायची की आज मासे कुठल्या बाजूला, पाऊस कुठल्या बाजूने. बाकीची बाराही माणसं तिच्या जिवावर जगत होती, हे मी विनोदाने म्हणत नाही.

मग चाळिसाव्या भागात वाळूत पुरलेला टेलिफोन वाजला. साधा, काळा, तबकडीचा. महाराष्ट्रातल्या घराघरांत दुसऱ्या दिवशी तीच चर्चा होती. फोन कुणाचा? वायर कुठे जाते? डॉक्टरने रिसीव्हर उचलला, ऐकलं, त्याचा चेहरा पांढरा पडला. काय ऐकलं? पुढच्या सातशे भागांत त्याने कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही! तुमच्यासमोर वाळूतून फोन निघाला, एक माणूस त्यावर बोलला, तर तुम्ही विचारणार नाही का, "कोण होतं हो?" पुण्यात चुकीच्या नंबरचा फोन आला तरी घरातले तिघं विचारतात.

बेटावर बांधीव विहीर होती, ती कुणी बांधली ते नाही. पाठीवर लाल रंगात सात आकडा रंगवलेली शेळी होती. म्हणजे एक ते सहा कुठेतरी असणार, निदान मला तरी असं वाटलं. डॉक्टरचा जखमी हात एका सोमवारी डावा होता आणि त्याच आठवड्यात गुरुवारी उजवा. कंदिलाला तीन वर्षं रॉकेल पुरलं. नवऱ्यामुलाची दाढी तीन वर्षांत तीन दिवसांची राहिली. हे सगळं मी सोडून द्यायला तयार आहे. शूटिंग आहे, घाई असते, समजू शकते. पण एक गोष्ट मी सोडणार नाही, कारण ती आमच्या सरुबाईंच्या जिवाला लागली.

शेवटाच्या दोन महिने आधीच्या एका भागात नायक डोंगरावर येतो. मावशीला तहान लागलेली असते. तो म्हणतो, "मावशी, तुम्ही इथंच थांबा. मी पाणी घेऊन येतो." आणि खाली जातो. त्यानंतर द्वारकामावशी एकदाही दिसली नाही. पाणी आलं नाही, मावशी आली नाही, तिचं नावही निघालं नाही. मग जहाज आलं, सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले, चढले, गाणं झालं, समाप्त.

सरुबाई त्या रात्री टीव्हीकडे बघत म्हणाल्या होत्या, "आगं, ती वर बसलीया ना."

आता ताईंची चूक सांगते, कारण त्यांनी ती स्वतःच मला सांगितली. तीन वर्षं सरुबाई मधूनमधून विचारत होत्या, "हे समदं उलगडणार हाय का गं? का हा बाबा नुसता गुंता करतोय?" आणि तीन वर्षं ताई छातीठोकपणे सांगत होत्या, "आत्याबाई, तो आमच्या खिडकीतनं गेलेला पोरगा हाय. त्यो काय बी मागं ठेवणार न्हाई." मावशी दिसेनाशी झाल्यावर तर त्यांनी शब्दच दिला होता. "बोट निघायच्या आधी मावशीला खाली आणतील. माझं नाव कौशल्या." एवढी खात्री फक्त टूलरूमच्या माणसालाच असू शकते.

त्याच दिवसांत त्यांचं घर हलायचं होतं. गावठाणातली जागा बिल्डरला दिली होती, चार खोल्यांचं पत्र्याचं घर पाडायचं होतं आणि मुख्य रस्त्यालगतच्या इमारतीत नवव्या मजल्यावरचा फ्लॅट तयार होता. सरुबाईंची काही तक्रार नव्हती. त्या जाऊन फ्लॅट बघून आल्या होत्या, लिफ्टमध्ये दोनदा खालीवर केलं होतं आणि गॅलरीत कुरडया कुठे वाळत घालायच्या तेही ठरवून आल्या होत्या. दिवाळीनंतरचा सोमवार ठरला.

शेवटचा भाग झाल्यानंतर दोन-तीन दिवसांनी ताईंचे यजमान साईनाथराव जेवताना सहज म्हणाले, "आई, तू दोन दिवस हितंच थांब शेजारी. सामान लावून झालं की मी येतो न्यायला."

सरुबाईंनी घास ताटात ठेवला.

"त्यानंबी आसंच म्हटलं हुतं."

"कुणी?"

"पानी आनाय गेला त्यानं."

साईनाथरावांना काही कळेना. कळलं तेव्हा ते हसले, आणि तिथेच बिघडलं. "आगं आई, ते नाटक हाय!"

"मला ठावं हाय नाटक हाय," सरुबाई म्हणाल्या. "यडी न्हाई मी. नाटकात बी तिची कुनाला याद ऱ्हायली न्हाई. बारा मान्सं, यवढी कपडं घालून, यवढी लिवनारी, यवढी बघनारी. येकाला बी न्हाई. मग खऱ्यात कोन ठिवतंय याद?"

आणि त्यांनी जाहीर केलं की त्या या घरातून हलणार नाहीत. दोन दिवस काय, दोन तासही शेजारी थांबणार नाहीत आणि फ्लॅटवरही येणार नाहीत. घर पाडायला यंत्र आलं तर येऊ दे, त्या खाटेवर बसलेल्या असतील. साईनाथराव म्हणाले, आपण शेजारी नको ठेवायला, सोबतच नेऊ. त्यावर उत्तर आलं, "आता म्हनतायसा. आधी म्हनला न्हाईसा." शेवटी साईनाथराव वैतागले. "खाटेसकट उचलून गाडीत ठेवतो."

"उचलून न्यायचं नाही," ताई म्हणाल्या. "उचलून नेलं तर त्या तिथं असतील, आल्या नसतील."

मी त्यांना विचारलं, "ताई, तुम्ही त्यांना सांगून टाका ना, मावशी बोटीत आत बसली होती, आपल्याला दिसली नाही."

ताईंनी माझ्याकडे जी नजर टाकली ती मी पहिल्या वर्षानंतर बघितली नव्हती. "म्हणजे कानस न बघता टोकन देऊन टाकू?"

त्यांनी चॅनेलला पत्र लिहिलं. हाताने, दोन पानी, प्रश्न एकच. उत्तर आलं की आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत, आता नवी मालिका बघा, सोमवार ते शनिवार. त्यांनी वर्तमानपत्राच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात लिहिलं. ते छापून आलं, पण त्यातली मावशीची ओळ जागेअभावी कापली होती. म्हणजे तिथेही ती राहिली! ताईंनी ते कात्रण मला दाखवलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

मग कळलं की सामान हलवायच्या सोमवारच्या आधीच्याच शनिवारी कॉलेजात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे आणि प्रमुख पाहुणा अर्णव खांबेटे.

मेळाव्याला मी गेले, ताईंशेजारी बसले. सभागृह भरलेलं. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे होते. ताईंनी दिली. सूत्रसंचालन करणाऱ्या प्राध्यापकांनी चिठ्ठ्या चाळल्या, ताईंची चिठ्ठी वाचली, घडी केली आणि खिशात घातली. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मग वाचले गेलेले प्रश्न असे: आपली प्रेरणा कोणती? इंजिनिअरिंगचा लेखनात काय उपयोग झाला? या दुसऱ्या प्रश्नाला अर्णव म्हणाला, "वर्कशॉपमध्ये मी शिस्त शिकलो. एकही गोष्ट इकडची तिकडे होता कामा नये, हे मी तिथे शिकलो." टाळ्या.

टाळ्या थांबायच्या आत ताई उभ्या राहिल्या. त्यांना माईक लागत नाही. दहा लेथ चालू असताना ऐकू जाणारा आवाज आहे तो.

"अर्णव, मी टूलरूमची कौशल्या."

"अरे! ताई!" त्याने हात जोडले. त्याला खरंच आनंद झाला होता, हे सांगायला हवं.

"द्वारकामावशी कुठंय?"

सभागृहात हशा. तोही हसला. "ताई, हा प्रश्न मला सगळे विचारतात."

"मग उत्तर पाठ असेल."

परत हशा, या वेळी मोठा. प्राचार्य चुळबुळले. अर्णवने आवाज जरा खोल केला. "काही गोष्टी प्रेक्षकांवर सोडायच्या असतात, ताई. सगळ्याच प्रश्नांना उत्तरं दिली तर कलाकृतीतलं गूढ संपतं."

"वाळूतल्या फोनाचं गूढ ठेव तू तुझ्याकडे. शेळीचंही ठेव. मी गूढ विचारत नाहीये. एका म्हातारीला तू डोंगरावर थांब म्हणालास, पाणी आणतो म्हणालास. आणलंस का?"

कुणी हसलं नाही. मागच्या रांगेतून एक जण ओरडला, "सांगा ना!" प्राचार्य माईककडे धावले आणि म्हणाले की वेळेअभावी आपण आता चहाकडे वळू या.

चहाच्या मांडवात अर्णव स्वतः ताईंकडे आला, हातात कप घेऊन, माणसांपासून जरा बाजूला.

"ताई, खरं सांगू का? स्टेजवर नाही सांगता येत. त्या काम करणाऱ्या बाईंना दुसऱ्या चॅनेलवर मोठी भूमिका मिळाली. त्या एका दिवसात सोडून गेल्या. चॅनेल म्हणालं, मावशीचं काय ते नंतर बघू. मग अचानक मालिका दोन महिन्यांत गुंडाळा म्हणाले. आम्ही तिघं लेखक, रोज बावीस पानं. आणि..." तो कपाकडे बघत राहिला. "राहून गेलं."

"राहून गेलं?"

"हो."

"रुमाल राहून जातो, अर्णव. माणूस राहून गेलं?"

या वेळी त्याचे कान लाल झाले. पण मला दया आली नाही. तीन वर्षं रोज अर्धा तास आम्ही दिला होता. लोकांनी त्या वेळेत जेवणं उरकली, भांडणं थांबवली, पाहुण्यांना "जरा बसा हं" म्हटलं. त्या बदल्यात आम्ही फार काही मागत नव्हतो. एक ओळ. "मावशीला धरून आणा रे" एवढी. पाच शब्दही नाहीत! बावीस पानांत चार शब्दांना जागा नव्हती?

ताईंनी त्याला घरची हकीकत सांगितली. परवाचं सामान हलवणं, सरुबाई, खाट. तो गंभीर झाला. मग एकदम उजळला. "मी बोलतो ना आजींशी! लावा फोन. मीच सांगतो, बसली म्हणून. लेखकानेच सांगितल्यावर प्रश्न मिटला!"

ताई नको म्हणत होत्या. पण मला वाटलं, निदान परवाचं तरी निभेल, आणि मीच व्हिडिओ कॉल लावला. तेवढी माझीही चूक धरा. साईनाथरावांनी फोन सरुबाईंसमोर धरला. पडद्यावर त्यांचं कपाळ आणि एक डोळा दिसत होता.

"नमस्कार आजी! मी अर्णव. तुमची मालिका मी लिहिली."

"आस्सं. मग?"

"आजी, काळजी करू नका. द्वारकामावशी बोटीत बसली होती. सुखरूप घरी गेली."

"बसली व्हय. कुनाच्या शेजारी?"

"अं... डॉक्टरांच्या शेजारी."

"डागदर तर डोलकाठीला धरून हुबा हुता. बसला कवा त्यो?"

"नाही, म्हणजे... त्या दोन मुलांच्या मधे."

"पोरं तर सामानावं बसली हुती. मधी बोचकं हुतं."

अर्णवने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

"बाळा," पडद्यावरचा डोळा म्हणाला, "तुला ठावंच न्हाई." आणि फोन बंद झाला.

संध्याकाळी मी ताईंबरोबर त्यांच्या घरी गेले. निम्मं सामान खोक्यांत भरलेलं होतं. सरुबाई खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. ताईंनी पर्स खाली ठेवली, त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि एका दमात बोलल्या.

"आत्याबाई, मी म्हटलं हुतं काय बी मागं ऱ्हानार न्हाई. ऱ्हायलं. त्यो इसरला. मला म्हनला, राहून गेलं. मी माझ्या शब्दावर तुम्हाला तीन वर्सं बसवलं. माझं चुकलं."

सरुबाईंनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली. मला वाटलं, आता संपलं. आता या बाई इथून काही हलत नाहीत.

"इसरला ते दिसलंच मला," त्या म्हणाल्या. "पर त्यो इसरलाच कसा? रोज येनारी बाई. सेटावर हुडकली न्हाई तिला?"

"ती नव्हतीच तिथं. तिला दुसरं काम मिळालं. गेली सोडून."

"कवा?"

"शेवटाच्या दोन महिने आधी."

"कसलं काम?"

ताई माझ्याकडे वळल्या. मी मोबाईलवर शोधून काढलं. दुसऱ्या चॅनेलवरच्या मालिकेचा फोटो सापडला. द्वारकामावशी, भरजरी साडी, गळ्यात ठुशी, डोळे टक्क उघडे, मोठ्या बंगल्याच्या पायऱ्यांवर उभी. मी फोन सरुबाईंच्या हातात दिला.

त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला. "हीच ती?"

"हीच."

"आन् ही हितं हाय. बंगल्यात."

"हो आजी."

"आन् ती बारा?"

"ती बारा माणसं तेव्हा बेटावरच होती की. जहाज यायला अजून दोन महिने होते."

सरुबाईंचे खांदे हलायला लागले. मी घाबरले, मला वाटलं रडतात. त्या हसत होत्या. आधी आवाज न करता, मग मोठ्याने, लसणाची टरफलं मांडीवरून सांडली तरी.

"आगं कौशल्या, म्हंजी ह्यांनी तिला टाकलंच न्हाई! तिनं ह्यांना टाकलं! आंदळी म्हातारी समद्यांच्या आदी बेटावरनं निघाली, आन् ही बारा गाढवं दोन महिनं थितंच शेळी राखत बसली! पानी आनतो म्हनं! आन जा!"

ताई हसल्या नाहीत. त्यांना ते पटत नव्हतं, चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. "आत्याबाई, ती काम करणारी बाई गेली. मावशी अजून वरच बसलीये. त्यानं तिला खाली आणायलाच पाहिजे हुतं."

"तुझं तू बघ त्याच्यासंगं," सरुबाई डोळे पुसत म्हणाल्या. "माझी मावशी गेली. आन् आयकून ठिवा, मी कुनाची वाट बघत बसनार न्हाई. म्होरची गाडी माझी."

सोमवारी सकाळी सात वाजता मी मदतीला पोचले तेव्हा दारात टेम्पो उभा होता आणि सरुबाई ड्रायव्हरच्या शेजारी बसलेल्या होत्या. नवं लुगडं, मांडीवर पितळी डबा. मागे अजून एकही खोकं चढलं नव्हतं.

"आई, उतर खाली," साईनाथराव म्हणाले. "आधी कपाट चढवू दे. तासभर लागंल."

"कपाट येऊ दे मागनं. कपाटाला काय घाई हाय?" मग ड्रायव्हरला, "तुझं नाव काय रं? पृथ्वीराज? मोटं नाव हाय. चल, पृथ्वीराज, हान गाडी."

पृथ्वीराजने साईनाथरावांकडे बघितलं, ताईंकडे बघितलं. ताईंनी मान हलवली. आणि रिकामा टेम्पो एकट्या सरुबाईंना घेऊन निघाला. साईनाथराव फ्लॅटची किल्ली हातात धरून त्याच्यामागे धावले, कोपऱ्यावर गाठला, आणि धापा टाकत शेजारच्या फटीत कसेबसे चढले.

आम्ही दोघी खोक्यांच्या गराड्यात उभ्या राहिलो. तेवढ्यात माझ्या फोनवर अर्णवचा निरोप आला, ताईंसाठी. कॉलेजातून त्याने माझा नंबर मिळवला होता. मी मोठ्याने वाचला. मालिकेचा दुसरा सीझन ठरतोय. पहिल्याच भागात नायक बेटावर परत जाणार आणि द्वारकामावशी त्याला डोंगरावर जिवंत सापडणार. भूमिकेला नवी अभिनेत्री. ही कल्पना ताईंच्या प्रश्नामुळे सुचली, म्हणून आधी त्यांनाच कळवतोय.

"किती वर्षांनी परत जाणार तो?" ताईंनी विचारलं.

"दोन, असं लिहिलंय."

"दोन वर्षं ती बाई पाण्यावाचून वर बसलीये."

"बहुतेक."

"आणि हा ते मला खूश करायला सांगतोय." त्यांनी पदर कमरेला खोचला. मला वाटलं होतं, निदान आता तरी त्यांना समाधान होईल. प्रश्न विचारला, उत्तर मिळालं, तेही त्यांच्या नावावर. पण त्यांचा आवाज पुन्हा लेथच्या वर चढला. "लिही त्याला. खबरदार तिला परत तिथं नेऊन बसवलंस तर. आमच्या आत्याबाई आत्ता कुठं निघाल्यात."

मी लिहिलं आणि पाठवलं. मग आम्ही कपाटाला हात घातला.